साठावी नळी

अपोंदीने खोक्यातल्या भरलेल्या नळ्या तिसऱ्यांदा मोजल्या. अठ्ठावन्न. साठ झाल्या तर तिला तीन गोष्टी मिळणार होत्या. पहिली, मागे कॅरियर असलेली नवी सायकल. दुसरी, छातीवर दवाखान्याचा छाप असलेला निळा कोट. तिसरी गोष्ट तपासणी भरवणाऱ्या संस्थेच्या यादीत नव्हती आणि अपोंदीने ती कुणाला सांगितलीही नव्हती. ओबेर गावात बाईला तिच्या लेकराच्या नावाने हाक मारतात. जिला लेकरू नाही तिला माहेरच्या गावाने. लग्नाला वीस वर्षं होऊनही अपोंदी गावाला ‘करुंगूची लेक’च होती. निळा कोट अंगावर आला की लोक ‘डॉक्टरीणबाई’ म्हणतील, असा तिचा हिशेब होता.

चर्चच्या शाळेतला शेवटचा वर्ग त्या दिवसापुरता रिकामा करून दिला होता. मधोमध दोरीवर चादर टाकलेली. चादरीच्या अलीकडे बाक, पलीकडे एक खाट आणि पाण्याची बादली. बाईने पलीकडे जायचं, मऊ ब्रश असलेली काडी आपली आपण आत फिरवायची, काडी नळीत घालायची आणि झाकण लावून बाहेर यायचं. नळीवर नंबर, वहीत नंबरासमोर नाव. दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही, म्हणून तर बाया तयार झाल्या होत्या.

सकाळी अपोंदीने घरचं मडकं आणून समजावलं होतं. मडक्याचा गळा म्हणजे गर्भपिशवीचं तोंड. बाधा बसते ती इथे. दहा-दहा वर्षं गप्प बसते. ताप नाही, दुखणं नाही. एक दिवस रक्त यायला लागतं तेव्हा मडकं आतून सडत आलेलं असतं.

“आणि ही बाधा येते कुठनं?” रिस्परने विचारलं होतं. रिस्पर तळ्याकाठी मासे विकायची आणि उत्तर माहीत असलेले प्रश्न मोठ्याने विचारायची.

“धन्याकडनं. त्यालाही ठाऊक नसतं.”

“त्याला काय ठाऊक असतं म्हणा.”

सगळ्या हसल्या. म्हातारी तुर्फेना काठीवर हनुवटी टेकून म्हणाली, “माझी घेतेस का गं काडी? माझ्या घरात शेवटचा पुरुष आला तो पत्रा ठोकायला.”

“वय बसत नाही, आजी.”

“बघ, बाधासुद्धा आता मला विचारत नाही.”

“सायकल तुला, काडी आम्हाला,” असं म्हणत रिस्पर पहिली उठली आणि तिच्यामागे एकेक करत अठ्ठावन्न जणी आत जाऊन आल्या.

उरल्या दोन. एक अपोंदीची स्वतःची. यजमानाने शेवटी जेवावं तशी तिने ती मागे ठेवली होती. दुसरी तिची सवत पेरेस हिची. पेरेस बाकाच्या टोकाला बसली होती. कमरेला दोन कापडं, एकावर एक, घट्ट गुंडाळलेली.

“चल,” अपोंदी तिच्या कानाशी म्हणाली.

“माझे दिवस चालू आहेत.”

अपोंदीने तिच्याकडे पाहिलं. दोघींची घरं एकाच अंगणात. फाटकासमोर थोरलीचं, उजव्या हाताला धाकटीचं, आणि कापडं वाळायची ती एकाच कुंपणावर. कुंपणावर काय किती दिवस वाळतंय हे अपोंदीला न मोजताही कळायचं. पेरेसची ती गडद कापडं तिथे तिसरा आठवडा होती. पण त्या दिवशी अपोंदी नळ्या मोजत होती.

दाराशी उभ्या दवाखान्याच्या सिस्टरनी घड्याळ पाहिलं. खोकं चारच्या गाडीने जायचं होतं.

“काय ठरलं गं, अवूरच्या आई?” रिस्परने लांबून पेरेसला विचारलं. अवूर ही पेरेसची थोरली, दहा वर्षांची. तिच्यामागे आणखी चार.

पेरेसने मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “अक्का, माझीपण तूच घे ना. आपल्या दोघींचा धनी एक. त्याने जे आणलं असेल ते दोन्ही घरी सारखंच आलं असणार. तो माणूस वाटणीत चुकत नाही.”

बाकांवर हशा पिकला.

त्यांचा धनी ओग्वेनो तळ्यावर असायचा. मासे जातील तिकडे होडी, बेटामागून बेट. तिथे त्याचं जेवण कोण रांधतं हे ओबेरमध्ये कुणी विचारत नसे. घरी आला की तो उजव्या हाताच्या घरात जाई. फाटकासमोरच्या घरात निजून त्याला अकरा वर्षं झाली होती. ही गोष्ट जगात तिघांना ठाऊक होती, आणि तिघंही एकाच अंगणात राहत होती.

तसा वर्षातून एकदा तो थोरलीकडे यायचाच. पेरणीच्या आदल्या रात्री धन्याने थोरलीजवळ निजायचं, सकाळी थोरलीने पहिलं बी टाकायचं, मग धाकटीने. ही रीत मोडली तर पीक, गुरं, लेकरं सगळ्यांना दोष लागतो. म्हणून ओग्वेनो दरवर्षी त्या रात्री येई, चहा पिई, खुर्चीत पाय लांब करून घोरत पडे आणि पहाटे शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने खोकत बाहेर निघे. मग अपोंदी बियांची टोपली घेऊन शेतात उतरायची. अकरा पेरण्या अशा झाल्या होत्या. लोक म्हणत, थोरलीला मूल नाही पण हात चांगला आहे.

तेव्हा पेरेस आता जे बोलली ती नुसती थट्टा नव्हती. चाळीस बायांसमोर सवतीने सवतीला दिलेला तो मान होता, आणि असा मान पेरेसने तिला आजवर कधी दिला नव्हता. तो परत करायचा तर कारण सांगावं लागलं असतं. खरं सांगायचं तर अपोंदीने फार वेळ तोललंही नाही. खोक्यात दोन जागा रिकाम्या होत्या.

ती दोन काड्या घेऊन चादरीपलीकडे गेली. बाहेर येऊन तिने एकोणसाठावर आपलं नाव घातलं आणि साठावर पेरेसचं.

चिठ्ठ्या सहा आठवड्यांनी आल्या. अकरा जणींच्या चिठ्ठीवर बाधा सापडल्याची खूण होती. अपोंदीने त्या अकराही जणींना गाठलं, नवऱ्यांच्या तोंडाला तोंड दिलं, दोन फेऱ्यांत सगळ्यांना दवाखान्यात नेऊन आणलं. तिथे यंत्राचं गरम टोक लावून डाग जाळतात. त्याला चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ लागत नाही. दोघी वाटेत रडल्या, एक जण परत पळाली तिला अपोंदीने बाजारातून धरून आणली. कामात ती कसर ठेवणारी नव्हती.

फाटकाच्या आतल्या दोन्ही चिठ्ठ्यांवर अक्षरशः एकच मजकूर होता. काही आढळलं नाही. पाच वर्षांनी या. पेरेसने आपली चिठ्ठी बायबलात ठेवली.

पेरणीच्या आदल्या संध्याकाळी अपोंदी उजव्या हाताच्या घरात गेली. पेरेस चुलीपुढे मक्याच्या पिठाची उगाली घोटत होती. मध्येच ढवळणं थांबवून ती ओटीपोटाला हात लावी आणि पुन्हा घोटायला लागे.

“परत एकदा करून घेऊ,” अपोंदी म्हणाली. “तुझी तू.”

“कशाला? चिठ्ठी आहे.”

“ती चिठ्ठी माझी आहे, पेरेस.”

पेरेसने वळून पाहिलं नाही.

“अक्का, आज रात्री धनी कुणाच्या घरी निजणार?”

“माझ्या.”

“उद्या पहिलं बी कोण टाकणार?”

“मी.”

“मग चिठ्ठी माझीच आहे.” तिने उगालीचा गोळा ताटात उलटा केला आणि ओल्या हाताने थापून गुळगुळीत केला. “सिस्टरला जाऊन सांगशील, ती कारण विचारेल. काय सांगणार आहेस? आणि ते चुलीपुढून चुलीपुढे गावभर होईल. माझ्या पाच लेकरांनी त्याच शेतातलं खाल्लंय.”

“रक्त थांबलं का?”

“थांबतं, येतं. तुझी सायकल शुक्रवारी ना?”

“शुक्रवारी.”

“मग डॉक्टरीणबाई होशील. मला फुकट तपास.”

ओग्वेनो आला, चहा प्यायला, खुर्चीत झोपला. सकाळी अपोंदीने पहिलं बी टाकलं. शुक्रवारी सायकल मिळाली. निळा कोट खांद्यात थोडा मोठा होता, पण बाह्या दुमडल्यावर बसला. परत येताना तुर्फेनाने वाटेत थांबवून “डॉक्टरीणबाई, माझा गुडघा बघ” म्हटलं तेव्हा अपोंदीने सायकल झाडाला टेकवून मन लावून तिचा गुडघा पाहिला.

शुक्रवार झाल्यावर सांगू, असं तिने ठरवलं होतं. शुक्रवार गेला आणि खुरपणी आली. खुरपणी झाली आणि ईस्टर आला. सांगायची गोष्ट तीच होती. फक्त दर आठवड्याला तिच्यात ‘इतके दिवस का नाही सांगितलं’ हे थोडं थोडं वाढत होतं. जूनपर्यंत मूळ गोष्टीपेक्षा हेच मोठं झालं.

ऑगस्टात पेरेस चर्चमध्ये दाराजवळ, वाऱ्याच्या बाजूला बसायला लागली. तरी तिच्या पुढच्या बाकावरची माणसं पुढे सरकत. ती वाळत चालली तसं लोक दोष लागला म्हणायला लागले. त्या घरात काहीतरी रीत मोडली असणार. अपोंदी हे ऐकायची आणि निळ्या कोटाच्या खिशात हात घालायची.

सप्टेंबरात तिने पेरेसला सायकलच्या कॅरियरवर बसवलं आणि डांबरी रस्त्यापर्यंत ढकलत नेलं. चढावर दम लागेल असं तिला वाटलं होतं. लागला नाही. मागे कुणी बसलंय की नाही हे दोनदा वळून पाहावं लागलं.

मोठ्या इस्पितळातला डॉक्टर तरुण होता. तपासून झाल्यावर तो बराच वेळ हात धूत राहिला.

“आतून मूत्रपिंडापर्यंत गेलंय,” तो अपोंदीला म्हणाला. “वर्षाच्या सुरुवातीला आली असती तर निदान बोलण्यासारखं काही होतं. तुमच्या गावात तर तपासणी झाली होती ना?”

पेरेसने पिशवीतून बायबल काढलं आणि त्यातून चिठ्ठी. डॉक्टरने ती उलटून पालटून वाचली.

“हे कसं शक्य आहे?” तो स्वतःशीच बोलला. “मशीन चुकलं असणार.”

अपोंदी खिडकीपाशी उभी होती. तिने तोंड उघडलं.

“मशीनच चुकलं,” पेरेस खाटेवरून म्हणाली. तिची नजर अपोंदीवर होती. “माणसं चुकतात, मशीन चुकायला काय.”

अपोंदीने तोंड मिटलं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पेरेसला तिच्या घराच्या डाव्या अंगाला पुरलं. ओग्वेनो बेटावरून आला, चार दिवस राहिला, मोठ्याने रडला. गावाने सांगितलं, मनापासून रडला. मग मासे पूर्वेकडे सरकल्याचा निरोप आला आणि तो गेला. पाचही लेकरं फाटकासमोरच्या घरात निजायला लागली. धाकटं तीन वर्षांचं होतं. आठव्या दिवशी भूक लागली तेव्हा त्याने अपोंदीचा कोट ओढून तिला आई म्हटलं. बाकीची त्याच्यामागून म्हणायला लागली, अवूर सगळ्यात शेवटी. मग शेजारणीही. जानेवारी लागेपर्यंत ओबेरमध्ये अपोंदीला कुणी करुंगूची लेक म्हणत नव्हतं, आणि डॉक्टरीणबाईही म्हणत नव्हतं.

जानेवारीअखेर सिस्टर पुन्हा आल्या. तोच वर्ग, तीच चादर, नव्या साठ नळ्या. शाळेतल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलींना ही बाधा पुढे होऊ नये म्हणून आदल्या दिवशीच लसीच्या सुया टोचून झाल्या होत्या. अवूर दंड चोळत घरी आली होती. गेल्या वर्षी सुटलेल्या आणि शेजारच्या दोन वस्त्यांतल्या बाया आज यायच्या होत्या. बाकांवर पस्तीसेक जणी होत्या, गेल्या वर्षी नळी दिलेल्याही काही. त्यांतली एकही उठेना.

“ये बाई, अवूरच्या आई,” तुर्फेना अपोंदीला म्हणाली. ती या वर्षीही नुसती ऐकायला आली होती. “मडकं आणलंस का?”

मडकं आणलं होतं. अपोंदीने गळा दाखवला, बाधा सांगितली, दहा वर्षं सांगितली. कुणी हसलं नाही. वस्तीवरच्या एका बाईने, जिच्या मांडीवर अंगावर पिणारं मूल होतं, रिस्परला कोपराने ढोसलं.

“तूच विचार.”

रिस्परने या वेळी उत्तर माहीत नसलेला प्रश्न विचारला. “पेरेसला मशीनने बरी आहेस म्हणून लिहून दिलं होतं. ती तुझ्या दाराशी पुरलीय. मग आम्हाला हे मशीन काय सांगणार?”

“मला चिठ्ठी आली होती काही नाही म्हणून,” दुसरी म्हणाली. “मी फाडून टाकली. काय भरवसा?”

“आणि मला जाळून आणलं. ते तरी खरं होतं का?”

सिस्टर पुढे झाल्या. “हे बघा, यंत्रात कधीतरी, हजारातून एखादं—”

“मशीन चुकलेलं नाही,” अपोंदी म्हणाली.

तिने मडकं खाली ठेवलं. हात कोटाच्या खिशात गेले, ते बाहेर काढून ती मांडीवर ठेवायला गेली, मग लक्षात आलं की आपण उभ्याच आहोत.

“ती नळी पेरेसची नव्हती. दोन्ही माझ्याच होत्या. तुमच्यासमोरच नाही का ठरलं, एक धनी, एक बाधा.”

“मग?” रिस्पर म्हणाली. “धनी एकच होता की.”

“धनी माझ्या घरी निजलेला नाही. बारा वर्षं झाली.”

सिस्टरना वाटलं, अवघड होतं ते बोलून झालं, आता बाया उठतील. त्या तिथल्या नव्हत्या.

तुर्फेनाने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“आणि पेरणीच्या रात्री?”

“खुर्चीत.”

“दरवर्षी?”

“दरवर्षी.”

म्हातारी हळू आवाजात, भांडणाचा लवलेश नसलेल्या सुरात म्हणाली, “तुझ्या हातनं पहिलं बी पडल्यावर तुमच्या भाऊबंदांची आठ घरं पेरतात. माझा नातू त्यातल्या एका घरात गेला, दोन वर्षांचा. आम्हाला कळलं नव्हतं कशाने गेला.”

“आजी, तो तापाने गेला. मीच त्याला—”

“सरक, करुंगूच्या लेकी. वाट दे.”

ती उठली. तिच्यामागे आठ घरांतल्या बाया उठल्या, मग त्यांच्या जावा, मग वस्तीवरच्या. दारातून जाताना प्रत्येकीने आपलं कापड अंगाशी ओढून घेतलं, निळ्या कोटाला लागू नये असं.

रिस्पर बसून राहिली. तिची नळी गेल्या वर्षीच झाली होती. तिचं तिथे काही काम नव्हतं. थोड्या वेळाने तिने मांडीवर मूल असलेल्या बाईकडे पाहिलं, ती अजून गेली नव्हती.

“आण ते पोर इकडे,” रिस्पर म्हणाली. “आणि जा आत. तुझा धनी कुणाच्या वाटणीचा नाही ना?”

“सध्या तरी नाही.”

ती गेली. तिला पाहून पांगलेल्यांतल्या चार जणी मागच्या दाराने आल्या, तोंड झाकून. चारच्या गाडीला खोक्यात पाच नळ्या भरलेल्या होत्या आणि पंचावन्न रिकाम्या.

“गेल्या वर्षीची वही आहे का?” अपोंदीने विचारलं.

“आता काय उपयोग?” सिस्टर म्हणाल्या, पण त्यांनी काढून दिली.

अपोंदीने शेवटचं पान उघडलं. नंबर, नाव, वय, गाव, काय आढळलं. ओग्वेनोचं नाव त्या वहीत कुठे घालता येत नव्हतं. पुरुषांसाठी रकाना नव्हता. तिने साठ नंबरची ओळ शोधली, ‘काही आढळलं नाही’वर काट मारली आणि बाजूला लिहिलं, ‘नमुना घेतला नाही.’ मग खाली एकूण लिहिलेलं होतं तिथे आली, साठ खोडले आणि एकोणसाठ केले.

बाहेर शाळेच्या भिंतीला सायकल टेकवलेली होती. ती साठ नळ्यांची होती. एका नळीचा फरक पेरेसने भरला होता.